रिपोर्टचा अर्थ बदलला पण पेशंटला कुणी कळवलंच नाही, केस होते का?

नाशिकच्या एका ताईंनी विचारलंय. २०१९ ला ब्रेस्ट कॅन्सर झाला, मुंबईच्या हॉस्पिटलमध्ये पैसे भरून ट्रीटमेंट घेतली, तेव्हाच्या जेनेटिक टेस्टमध्ये बीआरसीए२ जीनमध्ये (यात बिघाड असला तर ब्रेस्ट कॅन्सरचा धोका वाढतो) एक बदल सापडला पण रिपोर्टवर व्हीयूएस लिहिलेलं, म्हणजे या बदलाचा अर्थ अजून नक्की नाही. डॉक्टर म्हणाले, काळजी करू नका. यंदा दुसऱ्या बाजूला कॅन्सर निघाला. नवीन डॉक्टरांनी लॅबला फोन केला तर समजलं की तोच बदल २०२२ मध्येच 'बहुधा रोगकारक' ठरला होता आणि तसा ईमेल जुन्या हॉस्पिटलला गेला होता. ताईंपर्यंत काहीच आलं नाही. त्यांना धाकटी बहीणही आहे.

ताई, वाचून फार वाईट वाटलं, आणि तुमचा राग अगदी रास्त आहे. पण राग कुठल्या वर्षावर धरायचा ते आधी बघू. २०१९ च्या डॉक्टरांवर केस टिकणार नाही. व्हीयूएसवर ऑपरेशनचा निर्णय घेत नाहीत, आणि असे बरेचसे बदल पुढे निरुपद्रवीच निघतात, त्यामुळे तेव्हा "काळजी करू नका" म्हणाले ते त्या वेळच्या माहितीप्रमाणे बरोबरच होतं. तुमची तक्रार २०२२ ची आहे.

जुन्या पेशंटला शोधून नवा अर्थ कळवलाच पाहिजे असा थेट कायदा आपल्याकडे नाही. म्हणून नुसतं "विज्ञान पुढे गेलं, मला सांगायला हवं होतं" एवढ्यावर भागणार नाही. पण तुमच्याकडे त्याहून जास्त आहे, ईमेल हॉस्पिटलच्या हातात पडला होता. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम २(११) मध्ये सेवेतली त्रुटी म्हणजे काय ते दिलंय, त्यात नुकसान करणारा हलगर्जीपणा येतो आणि महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडवणंही येतं. जाणूनबुजून हे सिद्ध करणं अवघड, मी हलगर्जीपणावरच जोर देईन.

म्हणजे सगळी केस त्या एका ईमेलवर उभी आहे आणि सध्या तो फक्त फोनवरचं बोलणं आहे. आजच लॅबला लेखी अर्ज द्या: "माझ्या रिपोर्टचं वर्गीकरण कोणत्या तारखेला बदललं, ते कुणाला, कोणत्या पत्त्यावर कळवलं, त्याची प्रत आणि सुधारित रिपोर्ट द्यावा." हॉस्पिटलकडे केसपेपर मागा, २००२ च्या मेडिकल कौन्सिलच्या नियमांप्रमाणे मागितल्यापासून ७२ तासांत द्यावे लागतात. मात्र रेकॉर्ड तीनच वर्षं ठेवायचं बंधन आहे, तेव्हा "नष्ट केलं" असं उत्तर येऊ शकतं, म्हणून लॅबची प्रत आधी हातात घ्या.

आणि वेळ घालवू नका. तक्रारीची मुदत दोन वर्षांची, त्याच कायद्याचं कलम ६९. ती तुम्हाला कळल्यापासून मोजायची असं आपण म्हणू, हॉस्पिटल म्हणेल २०२२ पासून मोजा. २०१० च्या श्रीखंडे खटल्यात ऑपरेशननंतर पोटात राहिलेला गॉज (जाळीदार कापडाचा तुकडा) नऊ वर्षांनी सापडला, तरी सुप्रीम कोर्टाने तक्रार मुदतबाह्य ठरवली, कारण बाई स्वतः नर्स होत्या आणि इतकी वर्षं दुखत असून त्या डॉक्टरांकडे परत गेल्याच नव्हत्या. तुम्हाला संशय यावा असं काही नव्हतं, हा फरक तुमच्या बाजूचा. तरी तक्रारीसोबत उशीर माफीचा अर्जही जोडा.

दुसरा कच्चा दुवा म्हणजे नुकसान. २०२२ ला कळलं असतं तर एमआरआयची तपासणी किंवा आधीच ऑपरेशन हे पर्याय मिळाले असते, हे कुणा कॅन्सरतज्ज्ञाने लेखी द्यायला हवं. नवीन डॉक्टर देतील का, विचारा. जुन्या रिपोर्टचं शेवटचं पानही नीट वाचा, पुन्हा तपासणीसाठी संपर्क करा असं बारीक अक्षरात असतं, समोरचा वकील तेच दाखवेल. तक्रार नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगातच करता येते, मुंबईला खेपा नकोत.

धाकट्या बहिणीचं मात्र केसशी जोडू नका. तिच्यात हाच बदल असण्याची शक्यता निम्मी आहे. सुधारित रिपोर्ट मिळाल्या मिळाल्या तो घेऊन तिला जेनेटिक कौन्सेलरकडे पाठवा, आयोगाच्या तारखा पडत राहतील.