अख्ख्या घराचं डिह्युमिडिफायर आणि पाच वर्षांत ‘दुप्पट’

प्रश्न : मी दारव्हा तालुक्यात (जि. यवतमाळ) राहतो. वय ४६. नऊ एकर कोरडवाहू. सोयाबीन, कपाशी, तूर. दोन वर्षांआधी घर बांधलं. पावसाळ्यात भिंती खालून दोन-अडीच फूट ओल्या होतात, पोपडे निघतात, गाद्यांना बुरशीचा वास येतो. बायकोला दम्याचा त्रास आहे. एका विक्रेत्यानं अख्ख्या घराचं डिह्युमिडिफायर (हवेतला दमटपणा शोषून घेणारं यंत्र) सुचवलं, डक्ट (खोल्याखोल्यांत हवा नेणारे नळ) धरून २ लाख ८० हजार. दोन वर्षांचे हप्ते, १२ टक्के फ्लॅट. ५ हजार देऊन बुकिंग केलं आहे. पैशाची तशी अडचण नाही. बँकेत दरवर्षी ६० हजार भरतो, ते पाच वर्षांत दुप्पट होतात. तीन हप्ते झाले, दोन राहिले. हप्ता पीककर्जाच्या खात्यातूनच कापला जातो, त्यामुळे हाताला झळ लागत नाही. बियाणं-खत कमी पडलं तर कृषी केंद्रात उधारी चालते. मशीन घ्यावं का? सोबत बँकेच्या कागदाचा फोटो जोडला आहे.

उत्तर : मशीन घेऊ नका. एवढं सांगून थांबलो असतो, पण भाऊ, ‘हाताला झळ लागत नाही’ हे वाचलं आणि फोटो मोठा करून पाहिला.

तो कागद ठेवीचा नाही. ती आयुर्विम्याची पॉलिसी आहे. त्यावर स्पष्ट छापलंय : हप्ते १० वर्षं, मुदत १५ वर्षं, शेवटी हमीची रक्कम ९ लाख ६० हजार, विमा ६ लाखांचा. म्हणजे दोन नव्हे, सात हप्ते बाकी आहेत आणि पैसे हातात यायला १२ वर्षं आहेत. पाच हप्त्यांच्या तीन लाखांचे दुप्पट, म्हणजे ज्या सहा लाखांच्या भरवशावर तुम्ही मशीन बुक केलं, ते सहा लाख कुठेच नाहीत.

पाच वर्षांत दुप्पट म्हणजे काय, याचा हिशेब बँकेतल्या साहेबांनी तरी केला होता का? दरवर्षी ६० हजार भरून पाचव्या वर्षाअखेर ६ लाख हवे असतील तर वर्षाला २४ टक्के व्याज लागतं. एवढी हमी देणारी योजना या देशात नाही. पोस्टातल्या किसान विकास पत्राचे पैसे दुप्पट व्हायला ११५ महिने लागतात, म्हणजे साडेनऊ वर्षांहून जास्त, आणि त्यात रक्कम पहिल्याच दिवशी एकगठ्ठा भरावी लागते. तुमच्या पॉलिसीचा खरा परतावा साडेचार टक्क्यांच्या आसपास आहे. तेच ६० हजार दहा वर्षं पीपीएफमध्ये (सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीत) टाकून पंधराव्या वर्षापर्यंत ठेवले असते तर आजच्या ७.१ टक्के दरानं साडेबारा लाख झाले असते.

खरं दुखणं याच्याही पुढे आहे. ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत फेडलं तर केंद्राची सवलत आणि पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना मिळून व्याज शून्यावर येतं. शेतकऱ्याला याहून स्वस्त पैसा मिळत नाही. त्यातले ६० हजार पेरणीआधीच विमा कंपनीकडे जातात. तेवढी तूट तुम्ही कृषी केंद्राच्या उधारीनं भरता. शेकडा दोन रुपये महिना धरला तर सहा महिन्यांचे ७,२०० रुपये झाले. त्याच ६० हजारांवर पॉलिसी वर्षभरात देणार २,७०० च्या आसपास. झळ लागत नाही, कारण ती खताच्या बिलात मिसळून येते. पीककर्ज मंजूर करताना विमा घ्यायची सक्ती करता येत नाही. तरी शाखाशाखांत हे चालू आहे, आणि कर्जाच्या कागदांच्या गठ्ठ्यात ‘इथे सही करा’ म्हटलं की माणूस करतो.

आता काय करायचं? बिनशर्त परत करण्याची मुदत केव्हाच संपली. कंपनीकडून दोन आकडे लेखी मागा : आज सरेंडर केली, म्हणजे मोडली, तर किती, आणि पेड-अप केली, म्हणजे हप्ते थांबवून पॉलिसी तशीच ठेवली, तर १५ व्या वर्षी किती. तीन हप्त्यांनंतर सरेंडरची किमान हमी साधारण ३५ टक्के असते, म्हणजे १ लाख ८० हजारांचे ६३ हजार. पेड-अपमध्ये दहापैकी तीन हप्ते धरून १२ वर्षांनी अंदाजे २ लाख ८८ हजार. सव्वा लाख पीपीएफच्या दरानं १२ वर्षांत जवळपास तेवढेच होतात. म्हणून कंपनी आज सव्वा लाखाहून जास्त देत असेल तर घ्या आणि उधारी मिटवा. ६३ हजारच देत असेल तर पेड-अप करून विसरून जा. पुढचे सात हप्ते मात्र कुठल्याही परिस्थितीत भरू नका. त्यांच्यावर सव्वापाच टक्क्यांच्या आसपास सुटतात. ‘इतके भरलेत, आता सोडू नका’ असं शाखेत सांगतीलच. ऐकून घ्या आणि अर्ज द्या. विम्याची काळजी असेल तर प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजनेत ४३६ रुपयांत २ लाखांचा विमा मिळतो, पन्नाशीच्या आत नाव घालता येतं. कमी वाटला तर जोडीला साधा टर्म विमा घ्या.

तक्रारही करा : आधी शाखा, मग कंपनीचा तक्रार अधिकारी, ३० दिवसांत समाधान झालं नाही तर विमा लोकपाल. लोकपालाकडे फी नाही, वकील लागत नाही. विमा कंपनीच्या पडताळणीच्या फोनवर ‘सगळ्याला हो म्हणा’ असं तुम्हाला सांगितलं असेल आणि तुम्ही म्हणाला असाल तर बाजू थोडी कमजोर होते. माहितीपत्रकावर कुणी पेनानं ‘५ वर्षं – दुप्पट’ लिहून दिलं असेल तर तो कागद जपा.

आता ओलीबद्दल. ही यंत्रं दारं-खिडक्या बंद असलेल्या, डक्ट टाकलेल्या घरांसाठी असतात. तुमच्या घरात दार उघडं, स्वयंपाकघराला जाळी, मागे पडवी; यंत्र सगळ्या दारव्ह्याची हवा वाळवत बसेल. शिवाय दमट हवा आपल्याकडे तीन-साडेतीन महिने. मे महिन्यात तर हवा इतकी कोरडी की आपणच कूलर लावून ओलावा आत घेतो. सातशे वॅटचं यंत्र दिवसाला वीस तास म्हणजे १४ युनिट. दहा रुपये युनिट धरलं तरी हंगामाला १४ हजारांचं बिल, आणि उरलेले आठ-नऊ महिने यंत्र बंद. १२ टक्के फ्लॅट म्हणजे कर्ज फिटत गेलं तरी व्याज शेवटपर्यंत पूर्ण रकमेवर, प्रत्यक्षात साडेएकवीस टक्के. महिन्याला साडेचौदा हजारांचा हप्ता. सोयाबीन काही महिन्याच्या महिन्याला निघत नाही.

ओल खालून अडीच फुटांपर्यंतच असेल तर ती हवेतली नाही, जमिनीतून चढतेय. काळी माती पाणी धरून ठेवते, आणि जोत्यावर डीपीसीचा (ओल वर चढू न देणारा) थर नसेल किंवा कच्चा असेल तर भिंत ते ओढून घेते. छताचं पाणी पाइपानं लांब सोडा, घराभोवती बाहेर उतार काढून फरशीबंद पट्टा करा, अनुभवी मिस्त्रीकडून भिंतीच्या पायथ्याशी ओल अडवणारं रसायन भरून घेण्याचा अंदाज घ्या. याचा खर्च मशीनच्या जवळपासही जाऊ नये. पावसाळ्यात कूलरच्या टाकीत पाणी घालू नका. घरात सोयाबीनची पोती भावाच्या आशेनं पडून असतील तर ती झोपायच्या खोलीतून काढा. १२ टक्क्यांहून जास्त ओलावा असलेला माल खोलीही दमट करतो आणि बाजारात भावही कापून घेतो. एवढं करूनही ताईंच्या खोलीत त्रास राहिला तर पंधरा-वीस हजारांचं छोटं डिह्युमिडिफायर त्या एकाच खोलीत, दार लावून. पाचशे रुपयांचं आर्द्रतामापक आधी घ्या. काटा साठ टक्क्यांच्या खाली राहत असेल तर तेही नको. दम्याचं औषध डॉक्टरांनाच विचारा, विक्रेत्याला नको.

पुढचा हप्ता कापला जायच्या आत शाखेत ऑटो डेबिट (खात्यातून आपोआप होणारी कपात) बंद करण्याचा अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या. बुकिंगचे ५ हजार परत मागा. नाही दिले तर तेवढ्यावर सोडून द्या, पण त्यांच्यासाठी २ लाख ७५ हजार आणखी घालू नका.