घरातली भांडी वाजवून सरकार ऐकतं का? थाळीनादाची ही पद्धत आली कुठून?

तुम्ही लिहिलंय की सोसायटीतल्या बायका पाण्यासाठी वॉर्ड ऑफिससमोर थाळीनाद करणार आहेत, तुमच्या सासूबाई त्यात सगळ्यांत पुढे आहेत आणि तुम्हाला हा प्रकार जरा हास्यास्पद वाटतोय. शिवाय हे असं फक्त आपल्याकडेच करतात का, असंही विचारलंय.

आधी उत्तर देतो, पाल्हाळ नंतर. कधी ऐकतं, कधी नाही. आणि नाही, हे फक्त आपल्याकडचं नाही. भांडी बडवून अख्खी सरकारं पडली आहेत.

माझ्या आजीची एक स्टीलची थाळी आमच्याकडे अजून आहे. काठाला ठिपक्याठिपक्यांनी तिचं नाव कोरलेलं, 'सौ.'सकट. उलटी केली की पाठीवर मधोमध पाच-सहा पोचे दिसतात. लहानपणी मला वाटायचं कुणीतरी ती आपटली असणार. तर ते लाटण्याचे पोचे आहेत, १९७३ सालचे.

आजी गिरगावात चाळीत राहायची. १९७२चा दुष्काळ, रेशनवर ती लाल मिलो ज्वारी, जिची भाकरी थापता थापता तुटायची. गोडेतेल मिळेना, साखर मिळेना, रॉकेलसाठी डबा घेऊन पहाटेपासून रांग. त्या वर्षी मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. मृणाल गोरे आणि प्रमिला दंडवते समाजवादी, अहिल्या रांगणेकर मार्क्सवादी, तारा रेड्डी कम्युनिस्ट. एरवी या पक्षांचे पुरुष एकमेकांच्या व्यासपीठावर पाय ठेवायचे नाहीत, पण बायका एका समितीत बसल्या. आजी कुठल्याच पक्षाची नव्हती. शेजारीण म्हणाली, "चला," आणि ती गेली. जाताना हातात काय घ्यायचं, तर थाळी आणि लाटणं.

लाटणंच का? मला वाटतं त्यात एक मिश्कीलपणा होता. तोपर्यंत लाटणं म्हणजे व्यंगचित्रातल्या बायकोचं हत्यार, उशिरा घरी येणाऱ्या नवऱ्यासाठी दाराआड धरलेलं. बायकांनी तो विनोद उचलला आणि सरळ सचिवालयाच्या दिशेने वळवला. हसणाऱ्यांना हसता येईना. आणि दुसरं म्हणजे रिकामं ताट. आमच्या घरात जेवताना ताट वाजवलं की आजी डोळे वटारायची, अन्नाचा अपमान म्हणून. तीच बाई भर रस्त्यात ताट बडवत निघाली, तेव्हा बघणाऱ्यांना भाषणाची गरज पडली नसावी.

त्याचं पुढे काय झालं? महागाई काही लाटण्याने खाली आली नाही. जून १९७५ला आणीबाणी लागली. मृणालताई भूमिगत झाल्या, मग पकडल्या गेल्या. इतरजणीही तुरुंगात गेल्या. पण १९७७ला मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर दोघी मुंबईतून लोकसभेवर निवडून आल्या. "पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में" ही घोषणा तेव्हाची. गोरेगावच्या नळाच्या पाण्यासाठी भांडून मृणालताईंना 'पाणीवाली बाई' हे नाव पडलं होतं. म्हणजे सासूबाईंची परंपरा जुनी आहे, हे लक्षात असू द्या.

आता जगाकडे वळू. जुन्या फ्रान्समध्ये गावात कुणी न पटणारं लग्न केलं, समजा म्हाताऱ्या विधुराने कोवळ्या पोरीशी, तर रात्री त्याच्या दाराशी लोक जमून तवे-पातेली बडवायचे. याला म्हणत शारिवारी. १८३०च्या दशकात लोकांनी हीच युक्ती राजा लुई फिलिपच्या बाजूच्या पुढाऱ्यांवर वापरली. पुढारी दौऱ्यावर मुक्कामाला आला की खिडकीखाली भांडी. झोप उडवणं हेच मुळी आंदोलन.

पण या हत्याराचा खरा देश चिली. तिथे याला कासेरोलासो म्हणतात, म्हणजे साधारण 'पातेल्याचा तडाखा'. आणि गंमत बघा, सुरुवात केली ती उजव्यांनी. १ डिसेंबर १९७१ला सान्तियागोत बायका रिकामी पातेली घेऊन रस्त्यावर उतरल्या, समाजवादी राष्ट्राध्यक्ष साल्वादोर आयेंदे यांच्याविरुद्ध. दुकानांतून माल गायब होत होता, त्याबद्दल. क्यूबाचे कम्युनिस्ट नेते फिडेल कॅस्ट्रो तेव्हा चिलीतच पाहुणे होते. मोर्च्यात खात्यापित्या घरच्या बायका बऱ्याच होत्या, त्यामुळे यांची पातेली रिकामी कधी झाली, असे टोमणेही त्यांना ऐकावे लागले. पुढे ११ सप्टेंबर १९७३ला लष्कराने सत्ता घेतली, आयेंदे गेले, जनरल पिनोशे आले.

दहा वर्षांनी तीच पातेली पिनोशेविरुद्ध वाजू लागली. १९८२मध्ये चिलीची अर्थव्यवस्था कोसळली होती, बेकारी भयंकर वाढली होती. तांब्याच्या खाणीतल्या कामगार संघटनेने संपाची हाक द्यायचं ठरवलं, पण खाणींभोवती सैन्य आलं. संप केला असता तर गोळ्या खाव्या लागल्या असत्या. मग त्यांनी बेत बदलला. ११ मे १९८३ला मुलांना शाळेत पाठवू नका, खरेदी करू नका, आणि रात्री आठ वाजता घरातच भांडी वाजवा.

ही रात्री आठची युक्ती मला फार हुशारीची वाटते. मोर्च्याला जायचं तर पोलीस तोंडं बघतात, फोटो काढतात. स्वयंपाकघराच्या खिडकीतून येणारा आवाज कुणाचा, हे अंधारात कसं कळणार? दहा वर्षं शेजारीपाजारी एकमेकांशी बोलायला घाबरत होते. त्या रात्री आवाज ऐकला आणि त्यांना पहिल्यांदा कळलं की समोरच्या घरातलाही आपल्यासारखाच वैतागलाय. आपल्याकडे म्हणतात, भांड्याला भांडं लागलं की आवाज होणारच. ते घरातल्या भांडणाबद्दल. इथे एका घरातल्या भांड्याने दुसऱ्या घरातलं भांडं वाजवलं. पिनोशे त्याने लगेच गेले नाहीत. पण दर काही आठवड्यांनी निषेधाचे दिवस होत राहिले, माणसंही मेली, आणि १९८८च्या सार्वमतात सुमारे ५६ टक्के लोकांनी त्यांना 'नको' म्हटलं.

कॅनडातल्या क्यूबेक प्रांतात २०१२मध्ये हाच डाव कायद्याच्या अंगाने खेळला गेला. विद्यापीठाच्या फीवाढीविरुद्ध विद्यार्थी महिनोन्महिने संपावर होते. मे महिन्यात सरकारने कायदा केला की पन्नास किंवा जास्त माणसं जमणार असतील तर पोलिसांना आठ तास आधी सांगायचं. ठीक आहे, जमत नाही, म्हणाले लोक, आणि रात्री आठला आपापल्या गॅलरीत येऊन पातेली बडवायला लागले. गॅलरीत तुम्ही, नवरा, दोन पोरं धरलीत तरी पन्नास होत नाहीत! हळूहळू लोक खाली रस्त्यावर आले ते आलेच. सप्टेंबरच्या निवडणुकीत ते सरकार गेलं, नव्या सरकारने फीवाढ रद्द केली आणि तो कायदाही.

आता ज्या उदाहरणामुळे हे उत्तर लिहायला बसलो ते, आर्जेन्टिना. डिसेंबर २००१. बँकांतून पैसे पळू लागले म्हणून सरकारने बंधन घातलं, आठवड्याला २५० पेसोपेक्षा जास्त रोख काढायची नाही. स्वतःचेच पैसे, बरं का. आपल्यातल्या ज्यांनी कधी बुडत्या बँकेच्या शटरसमोर पासबुक घेऊन रांग लावलीय त्यांना वेगळं सांगायला नको. १९ डिसेंबरला देशात दुकानं लुटली जात होती, आणि रात्री राष्ट्राध्यक्ष दे ला रुआ टीव्हीवर आणीबाणी जाहीर करायला आले. भाषण चालू असतानाच ब्युनोस आयर्सच्या गॅलऱ्यांतून भांड्यांचा आवाज सुरू झाला. मग लोक जिने उतरले, घरच्या कपड्यांत, आणि चालत राष्ट्राध्यक्षांच्या कचेरीसमोरच्या प्लासा दे मायो चौकात गेले. अर्थमंत्री कावायो यांनी त्याच रात्री राजीनामा दिला. दुसऱ्या दिवशी दे ला रुआ यांनीही दिला आणि कचेरीच्या गच्चीवरून हेलिकॉप्टरने निघून गेले. त्या दोन दिवसांत देशभरात तीसहून जास्त माणसं मेली, हेही सांगायला हवं.

लोकांची घोषणा होती, "सगळेच्या सगळे चालते व्हा." आणि झाले की! दोन आठवड्यांच्या आत पाच जण त्या खुर्चीवर बसले-उठले. पण शेवटी टिकले कोण, तर एदुआर्दो दुआल्दे, जे १९९९च्या निवडणुकीत याच दे ला रुआंकडून हरले होते. आणि बँकेतल्या डॉलरच्या ठेवी? सरकारने त्या एका डॉलरला १.४० पेसो या भावाने पेसोत बदलून टाकल्या, बाजारात डॉलर तीन पेसोंच्या वर गेला तरी. म्हणजे ज्या पैशासाठी पातेलं उचललं, ते बऱ्याच जणांना निम्म्याहून कमी मिळालं.

याच्या शेजारी आइसलँड ठेवा. २००८च्या ऑक्टोबरमध्ये तिथल्या तिन्ही मोठ्या बँका बुडाल्या. होर्दुर तोर्फासोन नावाच्या गायकाने संसदेसमोरच्या चौकात दर शनिवारी लोकांना बोलवायला सुरुवात केली. मागण्या मोजक्या आणि ठरलेल्या, आठवड्यामागून आठवडे त्याच: सरकारने राजीनामा द्यावा, निवडणूक घ्यावी, मध्यवर्ती बँक आणि बँकांवर देखरेख करणाऱ्या संस्थेचे प्रमुख हटवावेत. २० जानेवारी २००९ला सुट्टीनंतर संसद भरली, तेव्हा बाहेर पातेली, झारे, डबे, जे हाताला लागेल ते. थंडी इतकी की लोकांनी शेकोटीत नॉर्वेहून भेट आलेलं ख्रिसमसचं झाडही घातलं. आठवड्याभरात पंतप्रधान गेर हार्दे यांचं सरकार पडलं. एप्रिलमध्ये निवडणूक झाली. मध्यवर्ती बँकेचे प्रमुखही गेले. जे मागितलं होतं ते यादीप्रमाणे मिळालं. त्या आंदोलनाचं आइसलँडच्या भाषेतलं नाव उच्चारायला जाऊ नका, जीभ अडकते. अर्थ मात्र 'भांड्याकुंड्यांची क्रांती'.

दोन्हीकडे आवाज तोच. फरक मागण्यांच्या कागदात होता.

हे मी पुस्तकी सांगत नाहीये. आठेक वर्षांपूर्वी आमच्या गल्लीने हंडा मोर्चा काढला होता. पहिली फजिती म्हणजे निम्म्या बायकांकडे प्लास्टिकच्या घागरी. प्लास्टिक वाजत नाही, नुसतं थप-थप होतं. कचेरीतल्या साहेबांनी एसी लावून खिडकी बंद करून घेतली. अर्ध्या तासाने बाहेर आले, "पाणी देतो" म्हणाले, आम्ही टाळ्या वाजवल्या, घरी आलो. दोन दिवस टँकर आला. तिसऱ्या दिवशी पुन्हा नळाला फुसफुस हवा. कारण आमच्या फलकावर लिहिलेलंच होतं 'पाणी द्या', आणि त्यांनी ते दिलं होतं.

दुसऱ्या वेळी आमच्यातल्या एका निवृत्त शिक्षिकेने अर्ज लिहिला. सकाळी साडेसहा ते साडेसात व्हॉल्व्ह उघडा राहावा, चावीवाल्याचं नाव आणि नंबर नाक्यावरच्या बोर्डावर लावावा, आणि वरच्या टोकाच्या चार इमारतींना दाब किती मिळतो ते आमच्यासमोर मोजावं. भांडी आम्ही फक्त दहा मिनिटं वाजवली, खिडकी उघडेपर्यंत. मग शांतपणे अर्ज पुढे केला आणि पोच घेतली. पूर्ण सुटलं असं नाही म्हणणार, वरच्या दोन इमारती अजून रडतात. पण चावीवाल्याचा नंबर बोर्डावर आहे.

काही वेळा काहीच होत नाही, तेही सांगतो. २०२३मध्ये फ्रान्समध्ये निवृत्तीचं वय ६२वरून ६४ केलं, तेव्हा राष्ट्राध्यक्ष मॅक्राँ टीव्हीवर बोलत असताना गावोगाव नगरपालिकांसमोर पातेली वाजली. नंतर ते दक्षिणेतल्या गाँज नावाच्या गावी गेले (स्पेलिंग आपल्या गंगेच्या इंग्रजी नावासारखंच, संबंध काही नाही), तर प्रशासनाने हातात धरून नेता येण्याजोग्या आवाजाच्या साधनांवर बंदी घातली आणि पोलिसांनी लोकांची पातेली काढून घेतली. जगभर हसं झालं. कायदा मात्र तेव्हा लागू झालाच.

आणि थाळी कुणाची बांधील नसते. २२ मार्च २०२०ला संध्याकाळी पाचला आपण सगळ्यांनी ती डॉक्टर-नर्सेससाठी वाजवली, पंतप्रधानांच्या सांगण्यावरून. त्याच वर्षी २७ डिसेंबरला दिल्लीच्या सीमेवरच्या शेतकऱ्यांनी ती पंतप्रधानांची 'मन की बात' चालू असताना वाजवली. म्यानमारमध्ये तर भांडी बडवली की घरातली भुतं पळतात अशी समजूत आहे. फेब्रुवारी २०२१मध्ये लष्कराने सत्ता बळकावली, तेव्हा यांगूनमध्ये दुसऱ्याच रात्री आठला घरोघरी भांडी वाजू लागली. भूत कोण, ते कुणी सांगायची गरज नव्हती.

तेव्हा सासूबाईंना अडवू नका, जमलं तर अर्ज तुम्ही लिहून द्या. काही बारीक गोष्टी सांगतो. ताट तळहातावर ठेवून वाजवलं तर आवाज बसतो. काठाला दोन बोटांत धरा, लोंबतं ठेवा. जाड बुडाचं पातेलं नेऊ नका, हात दुखतो आणि आवाजही बोदा येतो. पातळ स्टील उत्तम. मारायला पळी किंवा उलथणं घ्या. लाटणं नको. काठाला लागून त्याला खाच पडते आणि मग पोळीवर रेघ उमटते. आजीच्या पोळ्यांवर ती शेवटपर्यंत असायची. आम्हाला ती नक्षी वाटायची.