कुकरात मासा? अहो ताई, नको!

प्रश्न: माझे सासरे मूळचे मालवणचे, वय 76, आता दातांचं काम झाल्यापासून तिखट आणि चावायचं सगळं बंद, पण मासे पाहिजेतच. मी देशावरची, मला मटण जमतं मासे नाही. म्हणून सुरमई, भाज्या आणि नारळाचं दूध सगळं एकत्र कुकरात घालून दोन शिट्ट्या केल्या, तर मासा विरघळला, दूध फाटलं आणि हिवस वास आला तो वेगळाच. शेजारीण म्हणते माशात भाजी घालतच नाहीत. खरंय का?
— एक वाचक, पुणे

उत्तर: शेजारणीला सांगा, गोव्यात भेंडी घालून कोळंबी करतात, आपल्याकडे सोडे (सोलून सुकवलेली कोळंबी)-वांगं-बटाटा करतात, आणि गोव्याचं काल्दीन म्हणजे तुम्हाला हवं तेच, नारळाच्या दुधातलं पिवळं सौम्य कालवण, त्यात भाज्याही पडतात. कल्पना बरोबर होती, चुकला तो कुकर.

चौघांना अर्धा किलो सुरमई घ्या, रावस किंवा हलवाही चालेल. रोहू नको, त्यात बारीक काटे फार आणि सासऱ्यांना ते निवडत बसायला लावू नका. मासेवालीकडून डोकं मागून घ्या पण कल्ले काढायला सांगा, ते राहिले की रस्सा कडू होतो. तुकडे धुऊन हळद, मीठ आणि चमचाभर कोकम आगळ, म्हणजे कोकमाचा घट्ट रस, लावून पंधरा मिनिटं ठेवा, वासाचं निम्मं काम तिथेच होतं (उरलेलं निम्मं मासा ताजा असण्यावर, त्याला मी काय करणार). डोकं चार वाट्या पाण्यात वीस मिनिटं उकळून गाळून घ्या, जास्त वेळ नको.

आता पसरट पातेल्यात चमचाभर तेलावर कांदा नुसता मऊ करा, लाल नाही, त्यात ठेचलेलं आलं-लसूण, चार मिरीदाणे, एक हिरवी मिरची चिरून नाही, अख्खीच. मग बटाटा आणि कोवळा मुळा, वर ते गाळलेलं पाणी आणि नारळाचं दुसरं, पातळ दूध दोन वाट्या, दहाएक मिनिटांनी लाल भोपळ्याच्या फोडी घाला. भोपळा बोटाने दाबला जातोय असं झालं की चव बघून मीठ घाला आणि मगच मासा, तुकडे शेजारी शेजारी, एकावर एक नाही. मंद आचेवर सहा-सात मिनिटं. या वेळात चमचा घालायचा नाही म्हणजे नाही, पातेलं दोन्ही बाजूंनी फडक्याने धरून गोल हलवायचं. माशाचा पारदर्शक भाग पांढरा झाला, काट्यापासून सुटायला लागला की झालं.

जाड दूध एक वाटी सगळ्यात शेवटी, कडेला बुडबुडे आले की गॅस बंद, उकळलं की तुमच्यासारखं फाटणार. दोन-तीन आमसुलं गॅस बंद केल्यावरच टाका, आंबट उकळत्या दुधात गेलं तरी तेच होतं. झाकून दहा मिनिटं ठेवा, मग मऊ भातावर वाढा.

बाकीच्यांनी नाकं मुरडली तर सासऱ्यांचं वाढून झाल्यावर उरलेल्यात लसूण आणि मालवणी मसाल्याची फोडणी वरून ओता. फक्त त्यांच्यासमोर ओतू नका हो, वासानेच मागतील.