मॉडेल ८० टक्के छाटलं, तरी साध्या सीपीयूवर वेग का वाढत नाही?

तुमचा प्रश्न असा, की संत्र्यांची प्रतवारी करणारं मॉडेल पायटॉर्च या लायब्ररीत ८० टक्के छाटलं (म्हणजे त्यातली ८० टक्के वजनं, शिकलेले आकडे, शून्य केली), अचूकता टिकली, पण कळमन्यातल्या आय-५ पीसीवर एका फोटोला वेळ तेवढाच लागतो. मी नागपुरातच अशी मॉडेलं साध्या पीसीवर बसवून देतो. छाटणी करणाऱ्या बहुतेकांची गाडी इथेच अडते.

तुमची वजनं शून्य झालीत, गेलेली नाहीत. मॅट्रिक्स तेवढीच आहे आणि प्रोसेसर शून्याशीही इमानेइतबारे गुणाकार करतो. प्रोसेसरमधला एव्हीएक्स-२ हा सूचनासंच एका वेळी ३२ बिटांच्या ८ संख्या उचलतं. क्रेटचे आठपैकी सहा खण रिकामे असले तरी खेप तेवढीच. त्यात पायटॉर्चच्या छाटणीच्या प्रून मॉड्यूलचं रिमूव्ह चालवलं नसेल, तर दर वेळी मास्कने (कुठलं वजन ठेवायचं ते सांगणाऱ्या शून्य-एकच्या तक्त्याने) गुणण्याचं काम वर.

मग सीएसआरसारखी विरळ मांडणी, म्हणजे फक्त शून्य नसलेली वजनं साठवणारी, का नको? हिशेब करून बघा. २५६ बाय २५६ च्या थरात ६५,५३६ वजनं, प्रत्येकी ४ बाइट, म्हणजे २५६ केबी. सीएसआरमध्ये उरलेल्या प्रत्येक वजनासोबत त्याचा स्तंभक्रमांकही ठेवावा लागतो, तो साधारणपणे आणखी ४ बाइट. म्हणजे निम्मी वजनं छाटूनही जागा तेवढीच! ८० टक्क्यांना ती साधारण १०३ केबीवर येते खरी, पण इनपुट इथूनतिथून वेचावं लागतं, सलग ८ संख्या हाती लागत नाहीत. खास लिहिलेला कर्नल (गुणाकार करणारा कोडचा तुकडा) नसेल तर इथेही साधा गुणाकार बाजी मारू शकतो.

म्हणून माझं ठाम मत: सुटी वजनं नको, अख्खे चॅनल, म्हणजे एकेका फिल्टरचं सगळं आउटपुट, छाटा. थराथरातले निम्मे फिल्टर काढले की पुढच्या थराचं इनपुटही निम्मं होतं, आणि मधल्या थरांचं काम चौथाईवर येतं. मॅट्रिक्स खरोखर लहान झाल्यामुळे कुठलीही लायब्ररी चालते. अचूकता मात्र जास्त घसरते, त्यामुळे थोडं छाटा, पुन्हा शिकवा, मग पुढचं. रेसिड्युअल जोडणी (थराचं इनपुट पुढच्या आउटपुटमध्ये थेट मिळवणारी) असेल तिथे दोन्ही बाजूंचे तेच चॅनल जायला हवेत; सगळ्यात जास्त डोकं इथे लागतं.

त्यानंतर ओएनएक्स रनटाइम किंवा ओपनव्हिनो या मॉडेल चालवणाऱ्या साधनांत इंट-८ करा, म्हणजे वजनं ३२ ऐवजी ८ बिटांच्या पूर्णांकांत आणा. कॅलिब्रेशनला (आकड्यांचा पल्ला ठरवायला) स्टुडिओतले स्वच्छ फोटो देऊ नका, तुमच्या पट्ट्यावरचेच द्या: धूळ बसलेली, डागाळलेली, अंबियाची आणि मृगाची, दोन्ही बहारांची संत्री.