बाबा कायम गाडीवर असायचे, आता त्यांच्याबद्दल काय बोलू?

मावशी,

माझे बाबा ट्रक ड्रायव्हर होते. जन्मभर लांबच्या खेपा केल्या. एकदा अपघातात पाय मोडला, कित्येक महिने घरी पडून होते. पुन्हा स्टिअरिंगवर बसले. कर्ज काढून स्वतःची गाडी घेतली, हप्ते थकले आणि ती ओढून नेली. मग दुसऱ्याच्या गाडीवर नोकरी धरली. आम्हा दोघा भावंडांचं शिक्षण मात्र थांबू दिलं नाही. आजारपणात ते गेले, त्याला आता वर्ष होईल. घरची सगळी माणसं जमणार आहेत आणि त्यांच्याविषयी मी बोलावं असं ठरलंय. लिहायला बसले की हात थांबतो. मला त्यांच्याबद्दल फारसं काही माहीतच नाही. आठवतं ते एवढंच, की घरी आले की झोपायचे आणि रस्त्यावर असले की रोज रात्री फोन करून विचारायचे, "गॅस बंद केला? दाराची कडी नीट लावली? आईच्या गोळ्या झाल्या?" भाऊ म्हणतो, "बाबा होतेच कुठे? खोटं कौतुक करणार असशील तर मी येत नाही." आई काहीच बोलत नाही. आणि खरं सांगू? मला अजून नीट रडू आलेलं नाही. गाडीवर गेलेत, येतील, असंच वाटत राहतं.

– एक मुलगी

प्रिय लेकी,

तुझ्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते, कारण तिथे तू स्वतःवर विनाकारण रागावलेली दिसतेस. बाबा घरात नाहीत, पण आहेत, हे तुमच्या घराने वर्षानुवर्षं शिकून घेतलं होतं. त्यांच्याशिवाय जेवायचं, सण करायचे, आजारपणं काढायची, आणि तरी ते आपलेच आहेत हे धरून चालायचं. पॉलीन बॉस या अमेरिकी अभ्यासक बाईंनी १९७० च्या दशकापासून अशाच घरांचा अभ्यास केला, जिथे माणूस मनात असतो पण समोर नसतो, किंवा समोर असूनही मनाने नसतो. अशा घरात माणूस खरोखर गेला तरी रोजचा दिवस वरून बदललेला दिसत नाही. मग मनाला कळणार कशावरून? रडू उशिरा येतं, कधी एखाद्या रात्री फोनच्या वेळेला येतं. प्रेम कमी होतं म्हणून ते थांबलेलं नाही.

आता बोलण्याचं. तुझी अडचण आठवणींची नाही, माहितीची आहे. बाबांचं बहुतेक आयुष्य तुला न दिसणाऱ्या जागी गेलं. मग लिहिण्याआधी त्या जागी जाऊन ये. त्यांच्याबरोबर असलेला क्लीनर शोध. बरोबरीचे ड्रायव्हर, गाडी दुरुस्त करणारा मिस्त्री, ज्यांच्याकडे नोकरी केली ते मालक, यांच्यातलं कुणीतरी नक्की भेटेल. "बाबा कसे होते?" असं मात्र विचारू नकोस. त्यावर सगळे "फार चांगला माणूस" म्हणतात आणि गप्प होतात. ताडपत्री बांधताना गाठ कोण तपासायचं? रात्री टायर फुटला तर काय करायचे? माल उतरवायला दोन-दोन दिवस थांबावं लागलं की वेळ कसा घालवायचे? कोणत्या गोष्टीवर चिडायचे? घरचं काय सांगायचे? असं विचार. कामाबद्दल विचारलं की माणूस आपोआप सापडतो.

झोपेचंही बघ. घरी आलेले बाबा म्हणजे झोपलेले बाबा, हे ड्रायव्हरच्या कितीतरी मुलांना आठवतं, आणि त्यामागे शरीराचा साधा हिशेब आहे. मध्यरात्रीनंतर पहाटेपर्यंत शरीर झोप मागत असतं, आणि लांबच्या गाड्या बऱ्याचदा नेमक्या त्याच वेळी पळत असतात. सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाची सावधानता रक्तात ०.०५ टक्के मद्य असल्यासारखी घसरते, असं प्रयोगांत दिसलंय. त्यावर इलाज एकच, झोप. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९७९ साली एका करारात ड्रायव्हरांसाठी मर्यादा घालून दिली: सलग ४ तासांपेक्षा जास्त गाडी चालवायची नाही, दिवसाला ९ तास, आठवड्याला ४८ तास, आणि दिवसाकाठी साधारणपणे सलग १० तास विश्रांती. फार थोड्या देशांनी या कराराला मान्यता दिली. जिथे खेपेवर पैसे मिळतात आणि थांबलेल्या वेळेचे मिळत नाहीत, तिथे माणूस स्वतःच्या झोपेतून वेळ काढतो आणि उरलेली झोप घरी आणतो. "परवा येतो" म्हणून चार दिवसांनी येणंही बरेचदा त्यांच्या हातात नसतं. गोदामाच्या दारात गाडी रांगेत उभी असते. हे तुला कळलं की झोपलेल्या बाबांची आठवणही लिहिण्याजोगी वाटेल.

फोनबद्दल मला जास्त बोलावंसं वाटतं. गाडी काढण्याआधी नीट काम करणारा ड्रायव्हर एक फेरी मारतो: टायरची हवा, ब्रेक, दिवे, दोर, ताडपत्री. रोज, न चुकता, कितीही घाई असली तरी. आता बाबांचे प्रश्न पुन्हा वाच. गॅस, कडी, गोळ्या. रात्री ते फोनवरून घराभोवती तीच फेरी मारत होते, असं मला वाटतं. गप्पा मारणं त्यांना जमत नसेल, तपासणं जमत होतं. तू त्या प्रश्नांना "एवढंच" म्हणालीस. माझ्या मते तुझ्या बोलण्याची सुरुवातच तिथून व्हावी. आणि एक लक्षात घे: या कामातलं कौशल्य दिसत नाही. ज्या रात्री सगळं नीट पार पडलं, त्या रात्रीची कुठे नोंद राहत नाही. पाय मोडल्यावर पुन्हा गाडीत चढलेल्या माणसाने अशा किती रात्री काढल्या असतील!

भावाला समजावायला जाऊ नकोस. "त्यांनी आपल्यासाठीच केलं" हे खरं आहे, पण ते वाक्य त्याच्यापुढे टाकलंस की तो कर्जदार होतो, आणि कर्जदाराला तक्रार करता येत नाही. त्याला हवे तेव्हा वडील मिळाले नाहीत, हेही तितकंच खरं. कुणी सांगेल, राग ही दुःखाची एक पायरी आहे, ओलांडेल तो. त्या पायऱ्या मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये मांडल्या, त्या मरणाच्या दारातल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांच्या रागाचं वेळापत्रक म्हणून नव्हे. भावाचा राग बाबांच्या आयुष्याचाच भाग आहे. तो तुझ्या बोलण्यात आला पाहिजे. "आम्हाला ते पुरेसे मिळाले नाहीत" हे वाक्य सगळ्यांसमोर म्हण. ते ऐकायला बाबा असते तर त्यांनीही मान हलवली असती, अशी माझी समजूत आहे. घरापासून लांब राहण्याची किंमत ड्रायव्हरइतकी कुणाला ठाऊक असते?

आईला प्रश्न विचारू नकोस. बाबांची प्रवासाची बॅग घे, तिच्याजवळ बसून एकेक वस्तू बाहेर काढ: टॉवेल, बॅटरी, मालाच्या जुन्या बिल्ट्या म्हणजे पावत्या, हिशेबाची वही. बोलली तर ऐक, नाही बोलली तर बॅग परत भरून ठेवा दोघी मिळून. पण एवढ्या महिन्यांनंतरही तिला झोप नाही, जेवण नाही, कशातच जीव रमत नाही असं असेल, तर तिला समुपदेशकाकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे घेऊन जा. ६ महिन्यांहून जास्त लांबलेल्या आणि रोजचं जगणं अडवणाऱ्या शोकावर उपचार होतात.

बोलणं लहान ठेव, पाच-सहा मिनिटांचं. गाडी ओढून नेली तो दिवस वगळू नकोस. पुष्कळ जण असे प्रसंग लाजेने गाळतात आणि मग माणूस कशातून उभा राहिला तेच ऐकणाऱ्याला कळत नाही. त्यानंतर ते दुसऱ्याच्या गाडीवर चढले तेव्हा घरात कोण काय म्हणालं, हे आईला किंवा भावाला आठवत असेल.

लिहून झालं की कागद आधी भावाच्या हातात दे. त्याने एखादं वाक्य खोडलं तर खोडू दे. फक्त त्या जागी काय म्हणायचं, ते त्यालाच लिहायला सांग.

तुझी,
मावशी