राहुल : राहूचा की बुद्धाचा?

प्रश्न : सुनेच्या मनात नातवाचं नाव 'राहुल' ठेवायचं आहे. मोठ्या जाऊबाई म्हणतात, राहू-केतूमधला राहू कशाला घरात आणता? मोबाइलवर पाहिलं तर 'कार्यक्षम' आणि 'सर्व दुःखं जिंकणारा' असे अर्थ निघाले. खरं काय धरायचं?
– एक आजी, सक्करदरा

उत्तर : जाऊबाई अर्ध्या बरोबर आहेत, मोबाइल मात्र पूर्ण चूक. 'कार्यक्षम' हा अर्थ शब्दाच्या कोणत्याच अवयवातून निघत नाही. नावांच्या याद्या एकमेकींवरून उतरवल्या जातात, त्यातलाच हा प्रकार.

शब्द आहे राहु अधिक ल. राहु म्हणजे धरणारा, ग्रासणारा. सिद्धार्थ गौतमाला मुलगा झाल्याची बातमी कळली तेव्हा त्याच्या तोंडून निघालं, राहू जन्मला, बंधन जन्मलं. घर सोडायचं मनात घोळत असताना पायात पडलेली ही बेडी. शुद्धोदन राजाने विचारलं, माझा मुलगा काय म्हणाला? ते ऐकून त्याने नातवाचं नाव राहुल ठेवलं. म्हणजे नाव आजोबांच्या मुखातून आलं! ही गोष्ट सुत्तांमधली, म्हणजे बुद्धाच्या उपदेशांतली नाही; जातकांवरच्या, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या कथांवरच्या, अट्ठकथेतल्या (जुन्या टीकेतल्या) निदानकथा या प्रास्ताविक भागातली आहे. उत्तरेकडच्या बौद्ध परंपरेत निराळं कारण सांगतात : जन्म चंद्रग्रहणाच्या वेळचा. दोन्हीकडे राहू आहेच, पण तो पत्रिकेत पीडा देणारा ग्रह म्हणून नाही.

आणि नावाला वजन आलं ते व्युत्पत्तीमुळे नाही, त्या मुलामुळे. परंपरेप्रमाणे तो पहिला श्रामणेर, म्हणजे शिकाऊ भिक्षू, वय वर्षं सात. मज्झिमनिकाय या बुद्धाच्या उपदेशांच्या पाली संग्रहात त्याला केलेला एक उपदेश आहे. बुद्ध येतात, राहुल आसन मांडतो, पाय धुवायला पाणी ठेवतो. पाय धुऊन झाल्यावर बुद्ध भांड्यात तळाशी थोडंसं पाणी ठेवतात आणि विचारतात, दिसतं का? जाणूनबुजून खोटं बोलायची ज्याला लाज नाही, त्याचं श्रमणपण एवढंसंच. मग ते पाणी फेकतात, भांडं पालथं घालतात, पुन्हा उलथून रिकामं दाखवतात, आणि दर वेळी तेच सांगतात. पोराला समजवावं तर असं. राजस्थानातल्या बैराटला सापडलेल्या लेखात अशोकाने भिक्षूंना आणि उपासकांना जे उपदेश वारंवार ऐकायला सांगितले, त्यांत हाही आहे. तिथे नाव कोरलंय 'लाघुल', कारण लेख राजस्थानात असला तरी त्याची भाषा पूर्वेकडची प्राकृत आहे, आणि तिच्यात र चा ल होतो.

जाऊबाईंसाठी आणखी एक. तुमच्याकडे पंचांगातून अक्षर काढत असतील, तर 'रा' हे चित्रा नक्षत्राच्या तिसऱ्या चरणाचं, रास तूळ. बाळाचं नक्षत्र दुसरं निघालं तर पाळण्यातलं नाव वेगळं ठेवून व्यवहारात राहुल ठेवता येतं.

प्रश्न : आमच्या ऑफिसात चार राहुल आहेत, सगळे चाळिशीच्या आसपास. मुलीच्या वर्गात मात्र एकही नाही. असं का?
– एक वाचक, इंदोरा

उत्तर : विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे नाव पोथीतच होतं. केदारनाथ पांडे नावाच्या हिंदी लेखकाने १९३० मध्ये श्रीलंकेत बौद्ध भिक्षूची दीक्षा घेतली आणि राहुल सांकृत्यायन हे नाव घेतलं, तेव्हा ते मुद्दाम निवडावं लागलं होतं. आपल्याकडे खरं वळण आलं १४ ऑक्टोबर १९५६ ला, दीक्षाभूमीवर. धम्मदीक्षेनंतर घराघरांत गौतम, सिद्धार्थ, आनंद, मिलिंद, सुजाता, यशोधरा, संघमित्रा ही नावं आली, तसाच राहुल. जुन्या पिढीत गावाने तोडून-मोडून हाक मारायची नावं होती. मुलाला पूर्ण, देखणं, स्वतः निवडलेलं नाव देणं ही त्या घरांसाठी साधी हौस नव्हती. वडील सिद्धार्थ आणि मुलगा राहुल अशा जोड्या उत्तर नागपुरात आजही सहज भेटतात.

दुसऱ्या वाटेने ते इतर घरांत शिरलं. राहुल देव बर्मन, मग राहुल द्रविड, आणि नव्वदच्या दशकात तर हिंदी सिनेमाचा नायक उठसूट राहुलच. लहान, जोडाक्षर नाही, कोणत्याही प्रांतात उच्चार बिघडत नाही. त्यामुळेच ते अती झालं. जे नाव काकाचं, मामाचं आणि ऑफिसातल्या साहेबाचं, ते आईबाप बाळाला देत नाहीत. आता विहान, रियांश, आरव यांची पाळी. यांच्याही वर्गात चार-चार झाले की तेही असेच मागे पडतील. बौद्ध घरांत मात्र राहुल फॅशनवर आला नव्हता, म्हणून तिथून तो फॅशनबरोबर पूर्ण जाणारही नाही.

प्रश्न : 'राहुल' की 'राहूल'? आणि बाळ आठ महिन्यांचं झालं, जन्मदाखल्यात नाव भरायचं राहिलंय.
– एक वाचक, महाल

उत्तर : हु ऱ्हस्व. शब्द तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसाच्या तसा आलेला आहे, म्हणून 'मूल', 'फूल' यांच्यासारखा उपान्त्य (शेवटून दुसऱ्या अक्षरातला) उ दीर्घ होत नाही. अर्जात हा उकार तपासूनच सही करा, कारण इंग्रजी स्पेलिंग बरोबर आणि मराठीत 'राहूल' अशी गफलत फार होते.

नाव भरायला उशीर झालेला नाही. जन्मनोंद झालेली असेल तर १२ महिन्यांपर्यंत नाव विनाशुल्क भरता येतं, पुढे विलंब शुल्क देऊन १५ वर्षांपर्यंत. अर्ज बाळ जिथे जन्मलं तिथल्या निबंधकाकडे करायचा, राहता पत्ता पाहायचा नाही. बाळंतपण भंडाऱ्याला माहेरी झालं असेल तर नागपूर महापालिकेच्या झोन कार्यालयात खेटे घालून उपयोग नाही. बाळ १ मे २०२४ नंतरचं असल्याने शासकीय कागदपत्रांवर बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव हा क्रम लागतो. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला लागणार आहे. त्यामुळे आईच्या नावाची अक्षरं तिच्या आधारकार्डाशी जुळवून घ्या.