नातिचरामि: ‘साथ सोडणार नाही’ नव्हे

प्रश्न असा आला आहे: लग्नपत्रिकेवर ‘नातीचरामी’ छापायचं आहे. त्याचा अर्थ ‘मी तुझी साथ कधीच सोडणार नाही’ असाच ना? आणि ‘ती’ ऱ्हस्व की दीर्घ?

‘ति’ ऱ्हस्व, ‘मि’ही ऱ्हस्व. नात्यागोत्याशी या शब्दाचा काडीचाही संबंध नाही, न + अतिचरामि एवढाच संधी आहे. साथ सोडण्याचा तर यात विषयच नाही. तरी पत्रिकांवर, प्री-वेडिंगच्या व्हिडिओंखाली, निवेदकांच्या तोंडी हाच अर्थ चिकटून बसलाय. सोडून जाण्याला संस्कृतात ‘त्यज्’ आहे. इथे धातू ‘चर्’ आहे आणि त्याच्याआधी ‘अति’ हा उपसर्ग आहे. अतिचर् म्हणजे ओलांडणं, मर्यादा सोडून वागणं. जैन परंपरेत घेतलेल्या व्रताला बाध आणणाऱ्या वर्तनाला आजही ‘अतिचार’च म्हणतात.

आता ज्यासाठी एवढं लिहायला बसलो ते. याच ‘अति’ आणि ‘चर्’मध्ये ‘आ’ घातला की होतो अति + आ + चर्, म्हणजे ‘अत्याचार’. मराठी वर्तमानपत्रांना ‘बलात्कार’ लिहायचं नसतं तेव्हा ते ‘विवाहितेवर अत्याचार’ असा मथळा देतात. मंडपातल्या शब्दाचं आणि त्या मथळ्याचं मूळ एक आहे, इथपर्यंत व्युत्पत्ती निर्विवाद. पुढचं मत माझं आहे आणि मी ते सोडणार नाही: नवरदेव ज्याचं वचन देतो ते मुळात अत्याचार न करण्याचं आहे.

पूर्ण वाक्य पाहा. कन्यादानाच्या वेळी वधूपिता म्हणतो, ‘धर्मे च अर्थे च कामे च नातिचरितव्या त्वयेयम्’. वर उत्तर देतो, ‘नातिचरामि’. ‘अतिचरितव्या’ हे तव्य-प्रत्ययान्त (‘करायला हवं’ असा अर्थ देणारं) स्त्रीलिंगी रूप, प्रयोग कर्मणी, आणि जिचं अतिक्रमण व्हायचं नाही ती ‘इयम्’, म्हणजे शेजारी बसलेली मुलगी. नियम ओलांडू नकोस, असं बाप म्हणत नाही. हिला ओलांडू नकोस, असं म्हणतो. आणि कशात? नुसत्या धर्मात आणि पैशात नाही, ‘कामे च’. शरीरसुखातही.

पौरोहित्याच्या छापील पुस्तिका याचा अर्थ ‘हिला डावलून काही करू नकोस’ असा देतात. धर्म आणि अर्थ यांना तो ठीक बसतो. पण ‘कामे’ला लावला की त्याचा अर्थ उरतो फक्त ‘दुसरीकडे जाऊ नकोस’. म्हणजे घराबाहेरचा व्यभिचार निषिद्ध आणि घरातल्या जबरदस्तीबद्दल अवाक्षर नाही! ज्यांनी असा अर्थ लावला त्यांनी वाक्यातली ‘इयम्’ वाचलीच नाही. ‘आजच्या कल्पना जुन्या मंत्रावर लादू नका’ असं मला सुनावणाऱ्यांनी घरातल्या संस्कारांचे नियम सांगणारी गृह्यसूत्रं उघडावीत. लग्नानंतर किमान तीन रात्री ब्रह्मचर्य पाळायला आश्वलायन सांगतो. कामसूत्रकार वात्स्यायनही तीन रात्रींचाच संयम सांगतो आणि कारणही देतो: विश्वास मिळवण्याआधी जबरदस्ती झाली तर स्त्रीच्या मनात समागमाचा द्वेष बसतो. तिच्या मनाचा विचार जुन्या काळी कुणी केलाच नव्हता, हे म्हणणं टिकत नाही.

उलट बाजूही त्याच परंपरेत आहे आणि ती झाकणाऱ्यांशीही माझं जमत नाही. बृहदारण्यक उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात, बायको तयार नसेल तर तिला आधी काही देऊन वळवावं आणि तरीही ऐकली नाही तर काठीनं किंवा हातानं मारून ‘अतिक्रामेत्’, म्हणजे तिच्यावर मात करावी, असं स्वच्छ लिहिलंय. उपसर्ग पाहा: ‘अति’च! एकीकडे ‘अतिक्रामेत्’, दुसरीकडे ‘नातिचरामि’. धर्माचा दाखला देणाऱ्यानं यातलं कुठलं वाक्य निवडलं, हे त्याला विचारलंच पाहिजे.

कारण दाखला दिला जातोच. १८९१ मध्ये संमतिवयाचं बिल आलं. मुलीच्या संमतीचं वय दहावरून बारा करायचं, नवऱ्याच्या बाबतीतही, एवढीच मागणी. टिळकांसह विरोधकांनी गर्भाधान संस्कार (मुलगी ऋतुमती होताच समागमाचा विधी) पुढे केला, संस्कृत पंडित रा. गो. भांडारकरांनी शास्त्राच्याच आधारे त्यांना उत्तर दिलं. २०१५ मध्ये सरकारनं राज्यसभेत सांगितलं की वैवाहिक बलात्काराची कल्पना भारतात लागू करता येत नाही. दिलेल्या कारणांत धार्मिक श्रद्धा होत्या आणि विवाहाला संस्कार मानण्याची मानसिकताही होती. सव्वाशे वर्षांनी ढाल तीच. पण लग्न हा संस्कार आहे, तर त्या संस्कारात उच्चारलेलं वचन कुठे गेलं? आणि नवऱ्यानं बायकोवर केलेली जबरदस्ती बलात्कार नाही, हा कायद्यातला अपवाद तरी कुठल्या संस्कारातून आलाय? तो आलाय इंग्लंडचा सतराव्या शतकातला न्यायाधीश मॅथ्यू हेल याच्याकडून. लग्न करतानाच बायकोनं स्वतःला नवऱ्याच्या स्वाधीन केलेलं असतं, ते तिला परत घेता येत नाही, हा त्याचा सिद्धांत १७३६ मध्ये छापला गेला. तोच अपवाद दंडसंहितेतून १ जुलै २०२४ ला लागू झालेल्या भारतीय न्यायसंहितेच्या कलम ६३ मध्ये आला आहे. पत्नी अठरा वर्षांची झालेली असली की तो नवऱ्याला लागू होतो. नवऱ्याकडे नांदायला नकार देणाऱ्या रखमाबाईंच्या खटल्यात १८८५ साली न्यायमूर्ती पिन्ही यांनीही हेच दाखवून दिलं होतं की बायकोला नांदायला लावण्याचा दावा हिंदू धर्मशास्त्रातला नाही, इंग्लंडहून आणलेला आहे.

पत्रिकेवर शब्द छापाच, पण सुटा नको. ‘धर्मे च अर्थे च कामे च’ त्याच्या आधी असू द्या, नाहीतर पुन्हा ‘साथ सोडणार नाही’वर गाडी जाईल.

मला या विधीत एकच गोष्ट खुपते. बाप जावयाशी बोलतो, जावई बापाला उत्तर देतो आणि मुलगी दोघांच्या मध्ये तृतीयपुरुषी ‘इयम्’ होऊन बसलेली असते. व्याकरणाची अडचण म्हणाल तर ती फार नाही. मुलाच्या आईनं सुनेला म्हणायचं तर ‘नातिचरितव्यस्त्वयायम्’ एवढं रूप बदलावं लागेल. आणि सुनेचं उत्तर? उत्तमपुरुषी, म्हणजे ‘मी’च्या, क्रियापदाला संस्कृतात लिंग नसतं. तिनंही ‘नातिचरामि’च म्हणायचं.